आठ दिवसांनी म्हणजे सोमवारीच

कुणी "उदाहरण द्या" म्हटलं की ईशानच्या कपाळाला आठ्या पडतात. ईशान आमचा टीम लीड, पक्का पुण्याचा. मी नागपूरची, असल्या आठ्यांना भीक घालत नाही. हेब्बाळच्या आमच्या ऑफिसात दवाखान्यांसाठी ॲप बनत होतं. डॉक्टरांचं बोलणं ऐकून ते पेशंटला पुढच्या भेटीची तारीख कळवणार होतं. ते बरोबर चालतंय का, हे तपासणं माझं काम.

प्रत्येक नियमाला मी खरंखुरं उदाहरण मागते आणि तीच चाचणी लावते. ईशानच्या मते हा वेळकाढूपणा. "सुचेता, आजचा कॉल तुझा शेवटचा. पुढे तू दुसऱ्या प्रोजेक्टवर," त्याने सकाळीच सुनावलं होतं. माझा नुसता जळफळाट झाला.

कॉलवर निपाणीच्या डॉक्टर शिवलीला होत्या. ॲप घ्यायचं की नाही, हे त्या आज ठरवणार होत्या. ईशानने नियम वाचला, "डॉक्टर जितके दिवस म्हणतील, तितक्या दिवसांनी पेशंटला बोलवायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

"उदाहरण?" मी विचारलं.

"अगं, ह्यात कसलं उदाहरण? आठ म्हणजे आठ!"

"मग द्यायला काय जाते?"

डॉक्टर हसल्या. "घ्या की. सोमवारी टाके घातले, म्हटलं आठ दिवसांनी या."

मी तेच ॲपला ऐकवलं. ॲपने पेशंटला मंगळवारी बोलावलं.

"मंगळवारी कशाला हो? आठ दिवसांनी म्हणजे सोमवारीच की! मंगळवारी माझा दवाखाना बंद."

ॲप लिहिणाऱ्या नागराजने कपाळावर हात मारला. "अय्यो अक्का, आमची आईपण अस्संच म्हणते!"

जन्मभर आपण आठ म्हणतो आणि सात मोजतो, आणि नियम लिहिताना एकालाही ते आठवलं नव्हतं. मला स्वतःचा भारी अभिमान वाटला. मी खुर्चीत ऐसपैस टेकले.

"डॉक्टर, पंधरा दिवसांनी म्हणजे?"

"तेपण सोमवारीच."

"आणि 'आठ-पंधरा दिवसांनी या' असंही म्हणता?"

"रोज म्हणते की!"

ईशानने डोकं धरलं.

"ह्या बाई असंच विचारणार असतील, तर ॲप चालेल आम्हाला," डॉक्टर म्हणाल्या.

"विचारणारच! सुचेता ह्याच प्रोजेक्टवर आहे," ईशान घाईघाईने बोलला.

नीट ऐकू आलं नाही म्हणून मी ते त्याच्याकडून सगळ्यांदेखत पुन्हा एकदा वदवून घेतलं.