काकांचं रक्त

"तुमचं रक्त नाही चालायचं, ताई," फौजदार म्हणाले.

कल्याणीने बाही वर सारली होती, ती तशीच राहिली. तिचे वडील भीमराव हिंजवडीत एका बांधकामावर वॉचमन होते. २००३ साली एका सकाळी ड्यूटीवर गेले, ते परतलेच नाहीत. तेव्हापासून बेवारस प्रेताची बातमी दिसली, की कोथरूडच्या शिकवणीवर्गातली ही कारकून अर्धी रजा टाकून चौकीवर जायची. आता सहा वर्षांनी त्याच बांधकामाच्या शेजारी, नव्या कंपनीचा पाया खणताना हाडं निघाली होती.

"मी सख्खी मुलगी आहे त्यांची."

"मान्य. पण हाडं फार खराब झालीत. बापाकडून फक्त मुलग्याकडे जातो, डीएनएचा तेवढाच भाग प्रयोगशाळेला मिळाला. तो बायकांत नसतो. वडिलांना भाऊ आहे?"

होता. दापोडीचे बाबुराव काका. "त्यानं दुसरं घर केलंय, शोधू नका," असं त्यांनीच तेव्हा चारचौघांत सांगितलं होतं. त्यानंतर कल्याणी त्यांच्या दारात गेली नव्हती.

ती गेली. "जय भीम, काका," म्हणून उभ्याउभ्याच तिने सगळं सांगितलं.

"आणि नाही जुळलं तर?"

"तर तुमचं म्हणणं खरं."

काका चपला घालून तिच्यापुढे चालू लागले.

दोन महिन्यांनी अहवाल आला. फौजदार जपून बोलले, "जुळतंय. पण एवढ्यावरून हे भीमरावच, असं छातीठोक नाही सांगता येत. तुमच्या वंशातला कुणीही पुरुष असू शकतो."

"आमच्यातले बाकीचे सगळे घरी आहेत, साहेब," काका म्हणाले, आणि खुर्चीतच वाकून रडू लागले. "नंदावहिनीला काय तोंड दाखवू गं मी?"

"तुम्ही घरी जा, काका. आईला मी सांगते."

आई तांदूळ निवडत बसली होती. कल्याणी तिच्याजवळ टेकली.

"आई, बाबा सापडले. हिंजवडीलाच होते. मातीचा ढिगारा अंगावर आला असावा, म्हणतात."

आईचा हात ताटात थांबला. तिने विचारलं, "म्हणजे कामावरच होते?"

"कामावरच."

आई उठली. पदर सारखा करून शेजारच्या सोजरबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. कुणी काही विचारलं नव्हतं.

"आमचे हे कुठं गेले नव्हते हो," ती म्हणाली. "कामावरच होते."