पलंगावर ठेवलेली हॅट

मित्रांनो, मी एक जुनी, करड्या रंगाची हॅट आहे. वय विचारू नका, माझा काठ बघितलात की अंदाज येईल. माझा जन्म इटलीत, तुरीनच्या पलीकडे डोंगरपायथ्याच्या एका गावात झाला. तिथे निम्मं गाव हॅट बनवायचं आणि उरलेलं निम्मं त्या घालायचं. सशाची लव गरम पाण्यात मळून मळून तिचा नमदा, म्हणजे न विणलेलं जाड कापड, झाला. मग लाकडी ठोकळ्यावर ताणून, वाफ देऊन सेकोंदो नावाच्या कारागिराने मला आकार दिला. त्याने मला विकलं नाही. त्याच्या दुकानासमोरच ओरेस्तेचं केस कापायचं दुकान होतं. या जिवलग मित्राच्या लग्नात त्याने मला भेट म्हणून दिलं.

ते माझे मानाचे दिवस होते. ओळखीचं माणूस दिसलं की ओरेस्ते मला दोन बोटांनी वर उचलायचा. पाद्री असला तर जरा जास्त, सासू असली तर त्याहून जास्त. हॅट न उचलता पुढे जाणं म्हणजे भर रस्त्यात अपमान. घरात मात्र माझी जागा खुंटीवर. हॅट पलंगावर ठेवायची नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पलंगावर हॅट ठेवतो तो डॉक्टर, नाहीतर शेवटची प्रार्थना म्हणायला आलेला पाद्री. म्हणून ते अशुभ.

मग वारं फिरलं. मोटारींची छपरं इतकी खाली आली की हॅट घालून आत बसता येईना, आणि तरुणांना आपले केस मिरवावेसे वाटू लागले. ओरेस्तेने दुकानावर पाटी लावली : ‘एवढे छान केस झाकता कशाला?’ सेकोंदो तरातरा रस्ता ओलांडून आला.

“ओरेस्ते, ही पाटी माझ्या दारासमोर?”

“अरे, गिऱ्हाईक येतं त्याने. तुझ्यावर नाही लिहिली ती.”

“मग काय माझ्या सशांवर लिहिलीस?”

दुसऱ्या दिवशी दोघे रस्त्यात समोरासमोर आले. सेकोंदोचा हात हॅटकडे गेला नाही. मग ओरेस्तेचाही गेला नाही. बोलणं तिथेच तुटलं.

पुढे ओरेस्तेनेही मला खोक्यात घालून कपाटावर टाकलं. त्याची सोयच झाली म्हणा. बोडक्या माणसाने हॅट उचलली नाही, हे कोणाला दिसणार? सेकोंदोचं दुकान बंद पडलं. मला कसर लागली, वर कोणीतरी रजया रचल्या आणि माझा माथा चेपला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

बऱ्याच वर्षांनी ओरेस्तेची नात नोएमी तुरीनहून आली आणि तिने खोकं उघडलं.

“आजोबा, हे काय लपवून ठेवलंय? आमच्याकडे पोरं असल्या हॅट शोधत फिरतायत!”

“अगं, उलटी घातलीस. फितीची गाठ डावीकडे येते.”

“आणि हा खड्डा कोण काढेल?”

म्हाताऱ्याने मला तिच्या डोक्यावरून काढून घेतलं. काढणारा गावात एकच उरला होता.

“सेकोंदो आजोबा अंथरुणाला खिळलेत,” नोएमी म्हणाली. “आता नाही गेलात, तर मग सगळ्या गावाबरोबर जाल. फुलं घेऊन.”

ओरेस्तेने मला डोक्यावर चढवलं आणि तिला घेऊन निघाला. वाटेत काय बोलायचं ते पुटपुटत होता. सेकोंदोच्या खोलीत शिरल्यावर मात्र त्याची जीभ टाळ्याला चिकटली. सेकोंदोने भिंतीकडे तोंड फिरवलं. ओरेस्ते स्टुलावर बसला. घामाघूम झाला, मला काढलं आणि हात मोकळे करायला समोर ठेवलं. पलंगावर. थेट सेकोंदोच्या पायांवर.

“अरे गाढवा, उचल ती हॅट! मारायला आलास की काय मला?”

ओरेस्ते उडालाच. स्टूल कलंडलं.

“चुकलं, चुकलं! सवय गेली रे.”

“जाणारच. सगळ्या गावाची तूच घालवलीस.”

“ती पाटी मी तेव्हाच काढायला हवी होती, सेकोंदो.”

सेकोंदोने हात पुढे केला. मग मला हातात घेतलं, माथ्यावरून अंगठा फिरवला.

“काय दशा केलीस हिची! पोरी, किटली ठेव.”

त्याने पडल्या पडल्या मला वाफ दिली. अंगठा अजूनही बरोबर जागी पडत होता. निघताना ओरेस्ते दारात वळला आणि त्याने मला डोक्यावरून उचललं. सासूसाठी उचलायचा त्याहूनही वर.

वसंतात सेकोंदो गेला. तोवर ओरेस्ते रोज त्याची दाढी करायला जात होता. काही जण म्हणतात, पलंगावरच्या हॅटने त्याला नेलं. मी वाद घालत नाही. आता नोएमी मला घालते, गाठ डावीकडे ठेवून.

मित्रांनो, घरातल्या जुन्या हॅटवर रजया रचू नका. ब्रशने धूळ झटका, खुंटीवर ठेवा, पलंगावर मुळीच ठेवू नका. पण एखाद्या मित्राशी बोलणं तुटलं असेल आणि तोंडातून शब्दच फुटत नसेल, तर एकदा ठेवून बघा.