सुभेदार गवईंची नऊ सेकंदं

सुभेदार एलिया गवई फौजेतून निवृत्त होऊन अमरावतीत येऊन राहिले त्याला एकवीस वर्षं झाली. या एकवीस वर्षांत त्यांचा सकाळचा क्रम चुकला नव्हता. आधी शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक अध्याय, मग पेपर. अध्याय मोठ्यानं, पेपर मनात. पेपर वाचताना हातात पेन्सिल असायची. पूर, रेल्वेचा अपघात, सीमेवरची चकमक, कुठल्या दूरदेशातलं युद्ध, ज्या बातमीसाठी प्रार्थना करायला हवी असं वाटे तिच्याभोवती ते गोल काढत. रविवारी चर्चमध्ये मंडळीपुढं देशासाठी प्रार्थना करण्याचं काम त्यांच्याकडे होतं आणि ती ते या गोलांवरून करत. प्रार्थना लांबायची. मागच्या बाकावर चुळबुळ सुरू व्हायची. सुभेदार डोळे मिटून पुढच्या गोलाकडे वळत.

माणूस जुन्या वळणाचा. रविवारी दुकानातून मीठसुद्धा आणायचं नाही, घरात सिनेमा लावायचा नाही. चर्चमध्ये गिटार आणि ड्रम आले तेव्हा ते वाद घालत बसले नाहीत. पुढचं बाक सोडून शेवटच्या बाकावर जाऊन बसले, एवढंच. परदेशात चर्चं विकली जाऊन तिथं हॉटेलं निघाल्याचं वाचलं, की म्हणत, "ज्यानं आपल्याले सुवार्ता देली, त्याच्याच घरी आता दिवा नाही." सरकार कोणाचंही असो, त्याच्याविरुद्ध घरात बोललेलं त्यांना खपत नसे. अधिकारी देवानं नेमलेले असतात, असं म्हणून ते विषय मिटवत. त्यांची बायको रूथबाई म्हणायची, "देवानं नेमले असतीन, पन नळाले पानी कोण सोडन?" त्यावर सुभेदार पेपरचं पान उलटत.

दोन हजार पंचवीस साली सव्वीस जानेवारी रविवारी आली. त्याआधी महिनाभर बाहेरून बातम्या येत होत्या. कुठं प्रार्थनासभा बंद पाडली, कुठं धर्मांतराची तक्रार झाली. मंडळीचे पाळक, म्हणजे पाद्री, सुवार्त तेलगोटे अकोल्याचे, वय बत्तीस, लग्नाला वर्ष झालेलं. ते घाबरून गेले होते. आपणही देशभक्त आहोत हे लोकांना दिसलं पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं.

सुभेदारांनी दरवर्षीप्रमाणे आठ वाजता चर्चच्या अंगणात झेंडा फडकवला, सलामी दिली. साडेनऊला ते उपासनेसाठी आत आले आणि दारातच थबकले. प्रभुभोजनाच्या मेजावर एक मोठा तिरंगा अंथरला होता. त्यावर प्याल्यांचं तबक, भाकरीची थाळी, मध्ये क्रूस. तरुण मंडळी समोर उभी राहून देशभक्तीचं गीत म्हणत होती आणि दोघंतिघं मोबाईलवर ते टिपत होते.

सुभेदारांचा आवाज परेडच्या मैदानावर तयार झालेला. "हे काढा," ते म्हणाले. "झेंडा इथं चालणार नाही. आत्ताच्या आत्ता काढा."

गाणं थांबलं. पाळक पुढं आले. "काका, आज सव्वीस जानेवारी आहे..."

"मला माहीत आहे. झेंडा बाहेर आहे, मानानं, सगळ्यांच्या डोक्यावर. तो काय टेबलक्लॉथ आहे का त्यावर ताटं मांडायला? त्याचे नियम आहेत. अठ्ठावीस वर्षं ते मी पाळले. आणि हे मेज प्रभूचं आहे. यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही, माझ्या देशाचासुद्धा नाही."

पाळकांनी झेंडा उचलला. सुभेदारांनी स्वतः पुढं होऊन त्याची नीट घडी घातली, दोन्ही हातांवर घेऊन कपाटात ठेवली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. उपासना नेहमीसारखी झाली.

मंगळवारी दुपारी रूथबाईनं फोन त्यांच्यासमोर धरला. "हे तुमीच हा ना?"

क्लिप नऊ सेकंदांची होती. त्यात सुभेदार हात वर करून म्हणत होते, झेंडा इथं चालणार नाही, आत्ताच्या आत्ता काढा. मागं क्रूस दिसत होता. पुढचं काहीच नव्हतं. कुठल्याशा पोर्टलनं वर मथळा दिला होता, 'चर्चमध्ये तिरंग्याला विरोध'. कोणी कापली, कोणी पाठवली, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पाळक घरी आले, रडले. सुभेदारांनी त्यांना पाणी दिलं. "मी भिलो काका," पाळक म्हणाले. "भिले ते समजते मले," सुभेदार म्हणाले, "पन भिऊन केलेलं काम देवालेबी पोचत नाही न देशालेबी."

बुधवारी कोणाच्या तरी तक्रारीवरून ठाण्यातून बोलावणं आलं. सुभेदार इस्त्रीचा शर्ट घालून, ध्वजसंहितेची छापील प्रत घेऊन गेले. फौजदार सभ्य माणूस होता. त्यानं चहा मागवला, प्रत वाचली, मेजावर अंथरण्याबद्दलच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "बरोबर आहे तुमचं."

"मग बातमी?"

"बातमी काय आम्ही छापतो, काका? तुम्ही असं करा, हातात झेंडा घेऊन एक व्हिडिओ टाका. माफी मागा. विषय संपेल."

"माफी कशाची?"

"कशाचीही."

सुभेदारांनी प्रत घडी करून खिशात घातली. माफी मागायची तर चूक सांगावी लागते, आणि ती मला सापडत नाही, असं त्यांनी सांगितलं. फौजदारानं जबाब लिहून घेतला. पुढं त्यातून काही निघालं नाही. तक्रार करणारा पुन्हा ठाण्याकडे फिरकलाच नाही.

पण गाव आपल्या परीनं वागत राहिलं. दूधवाला दूध घालून काही न बोलता जाऊ लागला. पंधरा वर्षं सकाळी सोबत फिरायला येणारे महादेवराव अचानक संध्याकाळी फिरू लागले. सुभेदारांनी पेपर वाचणं सोडलं नाही, पण आता बातमी वाचून झाली तरी पेन्सिल बराच वेळ हातातच राही. ही तरी पूर्ण आहे का, असं त्यांच्या मनात येई. मग अंदाजानं गोल काढत.

फेब्रुवारीत एका दुपारी ते माजी सैनिकांच्या ग्रुपवर आपली क्लिप कोणी टाकली ते शोधत बसले. बोटानं मागं मागं सरकवता सरकवता मागल्या ऑगस्टपर्यंत पोहोचले, आणि तिथं त्यांना स्वतःचं नाव दिसलं.

अचलपूरच्या एका शाळेतली क्लिप. अकरा सेकंद. राष्ट्रगीत चाललेलं, सगळे उभे, आणि पुढच्या रांगेत पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ खुर्चीवर बसलेले. नाव दिलेलं होतं, गयासुद्दीन मास्तर. सुभेदारांनी ती तीन ग्रुपवर पुढं पाठवली होती आणि खाली लिहिलं होतं, 'अशांना या देशात राहायचा हक्क नाही. सुभेदार (निवृत्त) एलिया गवई.' त्रेचाळीस जणांनी त्यावर पसंतीचा अंगठा टाकला होता.

त्यांनी क्लिप पुन्हा पाहिली. पुन्हा एकदा पाहिली. तिसऱ्या वेळी त्यांना खुर्चीला टेकवून ठेवलेली कुबडी दिसली. ती पहिल्यापासून तिथंच होती.

दुसऱ्या दिवशी ते एसटीनं अचलपूरला निघाले.

"काहून जाता?" रूथबाई म्हणाली. "तो मानूस काही बोलला तं?"

"बोलू दे. त्याले बोलाले जागा हाये."

शाळेत विचारून घर सापडलं. गयासुद्दीन मास्तर ओसरीवर बसले होते. कुबडी आता नव्हती, काठी होती. त्यांची बायको आयशाबी पाणी घेऊन आली आणि दाराआड उभी राहिली.

"मी सुभेदार गवई. अमरावतीहून आलो."

मास्तरांनी चष्मा वर केला. "वळखलं. झेंडा काढा म्हननारे."

"हो, तोच."

"मंग? माह्याकडं काय काम?"

सुभेदार समोरच्या खुर्चीच्या काठावर बसले. "मागल्या ऑगस्टमधी तुमचा व्हिडिओ आला होता. तो मी तीन ठिकाणी पाठवला. खाली लिहिलंबी."

"काय लिहिलं?"

हे आपल्याला तोंडानं म्हणावं लागेल, असा विचार सुभेदारांनी बसमध्ये केला नव्हता. त्यांनी ते म्हटलं. शब्द न् शब्द, नावासकट.

"अच्छा," मास्तर म्हणाले. "मंग जाऊ कुठं, ते लिहिलं होतं का?"

मास्तरांनी काठी गुडघ्याला टेकवली.

"घुटण्याचं ऑपरेशन होऊन सतरा दिवस झाले होते. डॉक्टरनं उभं राहाले मना केलं होतं. ही म्हने, घरीच राहा. मी म्हटलं, छत्तीस साल त्या शाळेत पोट्ट्याइले राष्ट्रगीत मीच शिकवलं, झेंड्याले तं जातोच. घरी बसलो असतो तं कोणी काही म्हटलं नसतं. या सव्वीस जानेवारीले शाळेनं बलावलंच नाही."

"चुकलो मी. माफ करा," सुभेदार म्हणाले.

"एक सांगा. तुमच्यावर आली नसती, तं आले असते?"

खोटं बोलणं सोपं होतं. सुभेदारांनी विचार केला. "नाही," ते म्हणाले. "नसतो आलो."

मास्तरांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, ते सुभेदारांना कळलं नाही. "खरं बोलले, हे ठीक झालं. पन ही माफी इथं देऊन काय फायदा? इथं आयकाले मी न आयशाबी. आमाले तं आधीच मालूम हाये का मी काहून बसलो होतो. जिथं टाकलं होतं तिथं टाका."

आयशाबीनं चहा आणला. चहा पिताना दोघं गुडघ्यांबद्दल बोलले. सुभेदारांचा डावा गुडघाही कुरकुरत होता. मास्तरांनी डॉक्टरचं नाव कागदावर लिहून दिलं, पण निघताना हात मात्र दिला नाही, आणि सुभेदारांनीही पुढं केला नाही.

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळ बसून त्यांनी मजकूर लिहायला घेतला. फोनवर टाइप करण्याची सवय नव्हती. अर्धा रस्ता मागं गेला तेव्हा दोन ओळी झाल्या होत्या. शेवटी मजकूर असा झाला: 'मागल्या ऑगस्टमध्ये मी अचलपूरच्या गयासुद्दीन मास्तरांची क्लिप पाठवली होती. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून ते बसले होते. मी चौकशी केली नाही. त्यांच्याबद्दल जे लिहिलं ते खोटं होतं आणि ते मी माझ्या हुद्द्यासकट लिहिलं. ही माझी चूक आहे.' स्वतःच्या क्लिपबद्दल त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. तो मोह मोठा होता. एकदा एक वाक्य लिहिलं आणि खोडलं.

तिन्ही ग्रुपवर मजकूर गेला. मंडळीच्या ग्रुपवर फक्त पाळकांनी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं, बाकी कोणी काही लिहिलं नाही. फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर कोणीतरी हळदीच्या फायद्यांवरचा एक संदेश टाकला आणि सुभेदारांचा मजकूर वर सरकून गेला. माजी सैनिकांच्या ग्रुपवर आधी दोघं जण चिडले, मग तिसऱ्यानं कोणाच्या दबावाखाली लिहिलं म्हणून विचारलं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला सुभेदारांना त्या ग्रुपमधून काढण्यात आलं.

जेवायला बसणार तोच अकोल्याहून हवालदार पुंजाराम यांचा फोन आला. ते पूर्वी सुभेदारांच्याच तुकडीत होते.

"साहेब, ग्रुपमधून काहून निघाले?"

"निघालो नाही. काढलं मले."

"त्या मास्तरचा व्हिडिओ मीबी पाठवला होता साहेब. आमच्या गावच्या ग्रुपवर."

"मग?"

"तेच इचारून राहिलो. तुमी लिहिलं ते मले पाठवता का? नाव माह्यं टाकतो."

सुभेदारांनी चष्मा लावला, मजकूर शोधला आणि पाठवून दिला. "हुद्दाबी टाकजो," ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले.