काकांचा मुरलेला हात

“काका, ‘काच मऊ झाली की कळतं’ हे मी मशीनला कसं सांगू?” पुतणीनं विचारलं आणि काकांचं डोकंच फिरलं.

त्यात सांगायचं काय! केसाएवढा काचेचा तंतू ज्योतीवर धरायचा, मऊ झाला की दोन्हीकडून ओढायचा, मधोमध सुईसारखी टोकं सुटतात. मग त्या टोकातून मुंगीच्या डोळ्यात मावेल एवढाच उजेड पडतो. काका तीस वर्षं हेच करत आले होते. आता तेच काम पुतणीला मशीनकडून करून घ्यायचं होतं. मशीनला ज्योत तीच, ओढ तीच, तरी सकाळपासून त्यानं अठरा टोकं मोडली होती. आज संध्याकाळपर्यंत पाच अखंड टोकं निघाली नाहीत तर पुतणीची नोकरी गेली, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. तिला या कारखान्यात चिकटवली काकांनीच. आता भावाला काय तोंड दाखवायचं?

“हात बसावा लागतो, पोरी!” ते ओरडले. “पुस्तकं वाचून येत नाही ते!”

“मग जाऊ दे माझी नोकरी!” तीही कडाडली. मग डोळे पुसून तिनं मोबाइल त्यांच्या हातांवर रोखला. “अजून एकदा करा.”

काकांनी केलं. टोक झकास सुटलं. पुतणीनं ते चित्रण अगदी सावकाश फिरवून दोनदा पाहिलं आणि मग काकांच्या हाताकडे निरखून पाहू लागली.

“आता काय बघतेस?”

“काका, तुम्ही ओढताना मध्येच थांबता. अर्धा सेकंद. तेवढ्यात काच जरा निवते, म्हणून मोडत नाही.” ती अडखळली. “तुमचा उजवा अंगठा अडतो.”

सहा वर्षांपूर्वी तो दारात चेमटला होता. तेव्हापासून सांधा धड वळत नव्हता. त्यांची टोकं मोडायची थांबली तीही तेव्हापासूनच. ‘आता हात मुरला,’ असं सगळे म्हणाले होते, आणि काकांनाही ते मनापासून पटलं होतं. त्यांना भयंकर राग आला, पण काढायचा कोणावर?

पुतणीनं मशीनला अर्धा सेकंद थांबायला लावलं. ओळीनं पाच टोकं अखंड निघाली.

“वा! काय युक्ती केलीत?” साहेबांनी विचारलं.

“काकांचा अनुभव,” पुतणी घाईघाईनं म्हणाली.

“अनुभव कागदावर चालत नाही. नेमकं काय केलं ते लिहा.”

पुतणीनं पेन उघडलं आणि काकांकडे पाहून परत मिटलं.

“लिही गं,” काका खेकसले. “ओढताना अर्धा सेकंद थांबायचं. आणि अनुभव वगैरे काही नाही, मला ते दारानं शिकवलं.”