उभ्याने निवडलेले रिव्हॉल्व्हर

मित्रांनो, मी एक जुने रिव्हॉल्व्हर आहे. घाबरून मागे सरू नका, माझ्या पोटात आता काही नाही. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या एका लाकडी घरात, चुलीवरच्या फळीवर, घडी घातलेल्या फडक्यावर मी पडलेले असते. ज्यांना माझा कंटाळा येईल त्यांनी खुशाल उठावे. माझी कथा गोड नाही.

मी साध्या जातीचे आहे. नुसता चाप ओढला तर माझ्या हातून काही होत नाही. आधी पाठीवरचा घोडा अंगठ्याने चढवायचा, मग चाप ओढायचा. पुढच्या गोळीला पुन्हा घोडा, पुन्हा चाप. पण माझ्यात भाग थोडे आणि बिघडायला जागाही थोडी. चिखलात पडले तरी पुसले की चालते, म्हणून रानात राबणारे लोक आम्हाला पसंत करतात. पूर्वेकडच्या एका कारखान्यात मी घडले. माझ्या मुठीचे अक्रोडाचे लाकूड घासणारा कारागीर काम करताना देवाचे नाव घ्यायचा. ते नाव लाकडात मुरले असेल, अशी माझी भाबडी समजूत होती.

मला विकत घेतले ओर्लिन ट्वेटने. वरच्या रानातल्या पायवाटा मोकळ्या ठेवणे हे त्याचे काम. हिवाळ्यात झाडे कोसळून वाटा अडतात आणि त्या रानात इंजिनावर चालणारी करवत वापरायला मनाई आहे. मग दोन मुठींची लांब करवत घ्यायची, एका टोकाला ओर्लिन, दुसऱ्या टोकाला त्याचा मेव्हणा गस, आणि गुडघ्यांवर बसून लाकूड कापायचे. दोघेही गात असत. तुमच्याकडे कीर्तनात बुवांनी चरण सोडला की मागचे झीलकरी तो उचलतात, अगदी तसे. ओर्लिन चर्चमधल्या स्तोत्राची एक ओळ म्हणे, गस दुसरी म्हणे, आणि करवत त्या तालावर जाई-येई. गाण्याने हात थकत नसत हे खरेच, पण खरी गोष्ट अशी की त्या रानात मोठी तपकिरी अस्वले आहेत. माणूस येतोय हे लांबून कळले तर अस्वल आपल्या वाटेने निघून जाते. अवचित गाठ पडली तर जात नाही. देवाचे नाव हेच त्यांचे कुंपण होते.

मग गसचे गुडघे गेले. डॉक्टरांनी त्याला डोंगर बंद केला.

"मी एकटा जाईन," ओर्लिन म्हणाला.

"जा की. पण गात जा," गस म्हणाला. "तू इतका बेसूर गातोस की अस्वलं जिल्हा सोडून जातात."

व्हर्ना म्हणजे ओर्लिनची बायको, गसची धाकटी बहीण. तिला त्या दिवशी हसू आले नाही. "गाण्याबरोबर कंबरेला काहीतरी हवं," ती म्हणाली. "मी रोज संध्याकाळी खिडकीत उभी राहणार नाही, सांगून ठेवते." असे म्हणून तिने नवऱ्याला रॉस्कोच्या दुकानात नेले.

मी काचेच्या कपाटात होते. लांब नळी, निळसर झळाळी, मोठी गोळी. ओर्लिनची नजर माझ्यावर पडली आणि तिथेच राहिली.

"ते नको," रॉस्को म्हणाला. "ते भिंतीवर शोभतं. तुझं काम गुडघ्यावरचं. हे आखूड नळीचं घे, पट्टा छातीवर बांध. आहे हेसुद्धा घोडा चढवायचंच, पण खाली बसलास तर टोचणार नाही."

"आखूड नळी म्हणजे खेळणं वाटतं रे."

"अस्वल काय फूटपट्टी घेऊन येणार आहे?"

ओर्लिनने मला कंबरेला बांधले आणि आरशासमोर उभा राहिला. मी त्याला शोभत होते, हे मीच सांगते. शेजारी चर्चमधली दोन माणसे मासे धरायचे गळ बघत होती. त्यांनी माना डोलावल्या.

"बसून बघ ना," व्हर्ना म्हणाली. "गुडघ्यावर बस. करवत ओढतोस तसा हात हलव."

"इथं? दुकानात? वेडी आहेस का? लोक काय म्हणतील, ओर्लिन रॉस्कोची प्रार्थना करतोय!"

सगळे हसले. व्हर्नासुद्धा हसली. आणि मी उभ्याने निवडले गेले.

मित्रांनो, पहिले काही दिवस मला फार अभिमान होता. ओर्लिन मला दुपारी भाकरी खाताना पुसायचा, रिकाम्या डब्यांवर नुसताच नेम धरायचा, "काय चीज आहे!" म्हणायचा. गाणेही म्हणायचा. पण एक ओळ म्हटली की तो थांबे. दुसरी ओळ गसची होती, ती उचलायला कोणी नव्हते. मग करवत थोडा वेळ तशीच हातात राही. एकदा त्याने अशीच ओळ सोडली, वाट पाहिली, मग मुठीवर थाप मारून मला म्हणाला, "जाऊ दे. आता तू आहेस ना." त्या दिवसापासून तो गायचा थांबला. ज्याच्या आधारावर तो इतकी वर्षे निर्धास्त होता ते त्याने सोडले, आणि मला धरले. लोखंडाला धरले. मला तेव्हा ते कौतुकच वाटले हो.

आणि मी टोचत होते. गुडघ्यावर बसला की माझी नळी जमिनीला टेकायची आणि मूठ बरगडीत घुसायची. करवत ओढली की मी मांडीवर आपटायचे. तो कुरकुरला, पट्टा मागे सरकवून पाहिला, पुढे सरकवून पाहिला. शेवटी काम सुरू करताना पट्टा सोडून मला जवळच्या फांदीला टांगू लागला. घरी मात्र तो मला बांधूनच शिरायचा. व्हर्ना दारातून बघायची, तिचा चेहरा सैल व्हायचा.

हकलबेरी, म्हणजे अस्वलांची आवडती जांभळी रानफळे, पिकल्या होत्या. ओढ्याकाठी एक जुने झाड वाटेवर आडवे पडले होते. ओढ्याला पाणी भरपूर, त्याचा आवाज मोठा. ओर्लिनने मला एका वाळक्या फांदीला अडकवले आणि झाडाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसला. करवत चालू झाली. गाणे नव्हते. अस्वलीण दोन पिलांना घेऊन झुडपांतून फळे खात येत होती. तिला त्याची चाहूल लागली नाही आणि त्याला तिची. समोरासमोर आले तेव्हा दोघेही सारखेच दचकले.

ओर्लिनने आधी कंबरेकडे हात नेला. मग माझ्याकडे पाहिले. मी इतक्या जवळ होते की त्याला हाक मारली असती तर आवाज चढवावा लागला नसता. पण मला हाक मारता येत नाही, उडी मारता येत नाही. माझा घोडासुद्धा दुसऱ्याच्या अंगठ्याने चढतो.

तिला मी दोष देत नाही. पिलांसाठी आईने जे करायचे ते तिने केले आणि ती पिलांना घेऊन निघून गेली.

ओर्लिनचा जीव लगेच गेला नाही. कापलेल्या लाकडाला टेकून बसला होता. त्याचे ओठ हलू लागले. मी ओळखले, तो ओळ म्हणत होता. ती पुरी झाली आणि तो थांबला. ओढा वाहत होता. पुढची ओळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी गावातली माणसे शोधायला निघाली. ज्याला सापडेल त्याने एक बार काढायचा, असे ठरले होते. गस डॉक्टरांचे न ऐकता काठी टेकत सगळ्यांच्या पुढे चढून आला. त्याची बंदूक मागे खेचरावर राहिली होती. त्याने आधी ओर्लिनला पाहिले. मग मला पाहिले. बराच वेळ तो ओर्लिनपाशी बसला, त्याचा कोट त्याच्यावर नीट पांघरला. मग उठून मला फांदीवरून काढले, अंगठ्याने घोडा चढवला आणि आभाळाकडे बार काढला. त्या रानात मी तेवढे एकदाच बोलले.

घरी आणल्यावर व्हर्नाने मला मांडीवर घेतले. तिने माझे चक्र फिरवले. एका घरात झाडलेल्या गोळीचे रिकामे पितळ होते.

"एक झाडली त्याने," ती म्हणाली. "गस, एक झाडली ना त्याने?"

गसने बुटांकडे पाहिले. दारात उभ्या माणसांनी टोप्या हातात फिरवल्या. तो बार सगळ्यांनी ऐकला होता.

"हो गं," गस म्हणाला. "झाडली."

"म्हणजे हे हातात होतं."

"हातातच होतं."

ती रडली, पण ते रडणे वेगळे होते. त्यात कुठेतरी पाय टेकायला जागा होती. मी नसते, तर ती जागा तिला मिळाली नसती. आणि मी नसते, तर कदाचित तिला त्या जागेची गरजही पडली नसती.

मित्रांनो, आमच्यासारख्यांनी शेवटी 'आमची निगा राखा' अशी विनवणी करायची असते. माझी निगा उत्तम आहे. व्हर्ना मला दर शनिवारी तेल लावते. माझ्या नळीतून पाहिले तर आरपार उजेड दिसतो. मला एवढेच सांगायचे आहे, जिवाच्या आधारासाठी जे निवडाल ते ज्या घडीला लागणार त्या घडीसारखे बसून, वाकून, गुडघे टेकून पारखा. आरशासमोर उभे राहून पारखू नका. आणि नवे हाती आले म्हणून जुने नाव तोंडातून जाऊ देऊ नका. पण सांगून काय होते? रॉस्कोनेही सांगितलेच होते.

आता हकलबेरी पुन्हा पिकल्या आहेत. काल गस कॉफीला आला होता. व्हर्नाने एक लहानसा लाकडी क्रूस रंगवून ठेवला आहे.

"मी वर जाणार आहे, ओढ्यापर्यंत," ती म्हणाली. "तो गेला तिथं लावायला. एकटीच जाईन, मला तिथं कुणी नको."

"व्हर्ना, रान आहे ते."

"हे नेईन की." तिने मला फळीवरून उचलले, पट्टा कंबरेला आवळला. मी तिच्या गुडघ्याशी पोचले. "त्याला एक झाडायला वेळ मिळाला. मी तर आधीपासूनच सावध असेन. गाणारही नाही, कान उघडे ठेवून जाईन."

गसने कप खाली ठेवला. त्याने तोंड उघडले. व्हर्ना त्याच्याकडे बघत होती, कित्येक महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर जरासे बळ दिसत होते.

गसने कप पुन्हा उचलला.