दादाचा नमुना

छोटीने प्रयोगशाळेचं दार आतून लोटून घेतलं आणि पडद्यावरची आकृती मोठी केली. लाल, हिरव्या, काळ्या बारीक चौकटींचा तो पट तिच्या रोजच्या सवयीचा होता. उभी प्रत्येक रांग म्हणजे एका माणसाच्या तोंडातली कर्करोगाची गाठ आणि आडवी प्रत्येक ओळ म्हणजे एक जनुक. जनुक जोरात कामाला लागलं असेल तर चौकट लाल, गप्प बसलं असेल तर हिरवी, नेहमीसारखं असेल तर काळी. नमुन्यांवर नावं नसत, क्रमांक असत. कोणता क्रमांक कुणाचा हे शोधायचं नाही असा नियम होता, आणि तो विभागात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला तीच बजावून सांगत असे. पण तिच्या दादाच्या जिभेवर शस्त्रक्रिया झाली त्या दिवशी शस्त्रक्रियागृहातून जिभेचा एकच नमुना आला होता. शोधावं काही लागलंच नाही. नुसते डोळे मिटून घ्यायला हवे होते, तेवढं तिच्याने झालं नाही.

संगणक सारख्या वाटणाऱ्या रांगा शेजारीशेजारी लावतो. तंबाखू खाणाऱ्यांचा घोळका डावीकडे दाटीवाटीने बसला होता. दादाची रांग त्यात नव्हती. ती पार उजव्या टोकाला होती, ज्यांनी आयुष्यात कधी तंबाखूला हात लावला नाही अशा मोजक्या लोकांच्या शेजारी.

एवढ्यावरून शपथेवर काही सांगता येत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं. इतक्या थोड्या नमुन्यांच्या जोरावर दुसऱ्या कुणी असा दावा केला असता तर तिनेच त्याला फैलावर घेतलं असतं. तरी तिचे कान तापले. निकाल बघून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते चोरी पकडली गेल्यासारखं.

शस्त्रक्रियेच्या आधी दवाखान्याच्या व्हरांड्यात तिने दादाला गाठलं होतं.

“दादा, माझ्यापासून काय लपवायचं? किती वर्षं खातोयस?”

“अगं, नाही खात. कधीच नाही.”

“सगळे हेच म्हणतात.”

दादा गाडी चालवायला शिकवायचा. शेजारच्या सीटवर बसून दिवसभर बडबड करायची हाच त्याचा धंदा. निम्मं गाव त्याची बोलणी खातखात गिअर टाकायला शिकलं होतं. “क्लच म्हणजे काय सासू आहे का, एवढं घाबरत पाय ठेवायला?” हे त्याचं वाक्य लोक एकमेकांना नक्कल करून दाखवत. असा माणूस बहिणीच्या तीन शब्दांनी गप्प झाला, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ छोटीने आपल्याला हवा तसा लावून टाकला.

“नको सांगूस,” ती वर म्हणाली होती. “मशीन सांगेल मला.”

शेजारी उभ्या असलेल्या वहिनीने विचारलं होतं, “मशीन काय सांगतं गं?”

“कुठली जनुकं काय करतायत ते.”

“जनुकं म्हणजे आईबापांकडून मुलांत येतात ती?”

“हो, तीच,” छोटी म्हणाली होती, आणि तेवढ्यात फोन वाजला म्हणून बाजूला झाली होती.

दुपारी ती दादाच्या घरी गेली. दार वहिनीने उघडलं. दादाला घरी आणल्यापासून वहिनीचा चेहरा पिळून टाकलेल्या फडक्यासारखा झाला होता, आज मात्र त्यावर रंग होता. रागाचा का होईना.

“बरं झालं आलीस. बोल जरा भावाशी. मी तर सरळ बोलायचंच सोडलंय.” असं म्हणत ती त्याच्यासाठी सूप गाळायला स्वयंपाकघरात वळलीसुद्धा. छोटी मागोमाग गेली.

“झालं काय?”

“कबूल केलं परवा. गाडीत बसून खायचे म्हणे, शिकायला आलेला माणूस उतरला की. कित्येक वर्षं! आणि मी वेडी, रोज शर्ट धुतेय, खिसे झटकतेय, एक कण कधी सापडू दिला नाही या माणसाने.” गाळणी तिने सिंकच्या कडेवर आपटली. “असो. निदान कारण तरी कळलं.”

छोटी स्वयंपाकघरातून बाहेर आली. दाराशी भाची चपला घालत होती. सोळा वर्षांची, एरवी आत्याला पाहिलं की गळ्यात पडणारी. आज तिने नुसती मान हलवली. बाबांच्या खोलीवरून जाताना ती भिंतीच्या बाजूने गेली, आणि जिन्यात तिच्या पावलांचा आवाज दणदण खाली उतरत गेला.

दादा पलंगावर उशांना टेकून बसला होता. मांडीवर टॉवेल. अर्धी जीभ गेल्यापासून त्याचे शब्द ओले, जाड होऊन बाहेर पडत. एकेक वाक्य झालं की तो हनुवटी टिपून घ्यायचा.

छोटीने दार ओढून घेतलं. “तू असं का सांगितलंस?”

“काय?”

“तू नाही खाल्लंस कधी.”

दादाने आधी दाराकडे पाहिलं. “हळू बोल.”

मग सावकाश, थांबत थांबत तो सांगत गेला. “तुझी वहिनी झोपत नव्हती. पोरीला सारखं तोंड उघडायला लावायची. टॉर्च मारून बघायची. पोरगी आरशासमोर, जीभ बाहेर काढून. रक्तातच आहे आपल्या, म्हणे.” त्याने हनुवटी टिपली. “तूच म्हणालीस ना.”

“मी?”

“जनुकं. मुलांत येतात ती.”

व्हरांडा, वाजणारा फोन, आणि ‘हो, तीच’ म्हणताना आपण वहिनीकडे पाहिलंही नव्हतं, हे सगळं छोटीपुढे उभं राहिलं.

“म्हटलं, खाल्लं मी,” दादा म्हणाला. “चिडली. चिडली ते बरंच. घाबरण्यापेक्षा.”

“आणि पोरगी?”

तो टॉवेलची घडी नीट करत राहिला. “बोलेल. पुढेमागे.”

“मी सांगते त्यांना खरं काय ते.”

“नको. आत्ता कुठे घर...” पुढचा शब्द त्याला जमेना. दोनदा प्रयत्न करून त्याने तो सोडून दिला आणि हाताचा तळवा खाली करून दाखवला. शांत झालंय, असं.

छोटी उठली. निरोपही न घेता जिना उतरली. भाची कुठे गेलीच नव्हती. शेवटच्या पायऱ्यांवर गुडघ्यांत हनुवटी घालून बसली होती.

“तुलाही सांगितलं ना बाबांनी?” तिने मान वर न करता विचारलं.

“सांगितलं.”

“मी शाळेत व्यसनांवर निबंध लिहिला होता. माझे बाबा चहासुद्धा दोनदा विचार करून पितात, असं. सगळ्यांसमोर वाचला. टाळ्या पडल्या.” तिने मान वर केली. “आत्या, तुझ्या मशीनमध्ये दिसतं ना? खाल्लं होतं की नाही ते?”

छोटी तिच्या शेजारी बसली. उत्तर तयार होतं. उजवं टोक, वेगळी रांग, पुराव्यासकट. पण ते ओठांशी येताच तिला कसंसंच झालं. तो पट या मुलीपुढे धरायचा म्हणजे दादाचा शब्द पुन्हा एकदा तराजूत घालायचा.

“मशीनचं राहू दे. मी सांगते. तुझ्या बाबाने कधीच खाल्लं नाही.”

“मग खोटं का बोलले?”

“तू आरशासमोर उभी राहायचीस म्हणून.”

भाचीचा हात आपोआप गालाकडे गेला. “म्हणजे माझ्यात आहे ते.”

“नाही. नीट ऐक. शरीरात सगळीकडे तीच जनुकं असतात. कुणी कधी बोलायचं, कुणी गप्प बसायचं, याची शिस्त असते. बाबाच्या जिभेच्या एका कोपऱ्यात ती मोडली. काही जनुकं आरडाओरडा करायला लागली, त्यांना गप्प करणारी झोपून गेली. का झालं ते मला माहीत नाही. पण हा गोंधळ तिथे सुरू झाला, त्याच्या या वयात. तो जन्मताना घेऊन आला नव्हता. मग तुला कुठून देणार?”

“शंभर टक्के?”

“शंभर टक्के असं कुणी काहीच सांगत नाही. पण एवढं मी सांगू शकते. रोज तेच बघते मी.”

“मग आईने दवाखान्यात विचारलं तेव्हाच का नाही सांगितलंस?”

फोन आला होता, हे तिच्या तोंडापर्यंत आलं. तिने ते गिळलं.

“तुझी आई काय ऐकतेय याच्याकडे माझं लक्षच नव्हतं,” ती म्हणाली.

भाची उठली आणि एकेक पायरी सावकाश चढून वर गेली.

वहिनीला सांगताना छोटीने तेच सगळं पुन्हा सांगितलं, आणि व्हरांड्यातलं स्वतःचं वाक्यही सांगितलं. वहिनीने नळ बंद केला. हात न पुसता ती स्टुलावर बसली.

“चमचा तोंडाशी नेताना टोमणे मारत होते गं मी,” ती म्हणाली. “आणि ते गिळत होते. सुपाबरोबर.”

“मीही मारले, वहिनी. तुझ्या आधी.”

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती, आणि छोटीनेही ती मागितली नाही.

ती दादाच्या खोलीच्या दारात गेली तेव्हा भाची पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसलेली होती, डोकं गादीवर दादाच्या पायांशी टेकून.

“सांगितलंस,” दादा म्हणाला.

“हो.”

तो रागावेल म्हणून ती थांबली. दादाने टॉवेल ओठांवर दाबून धरला, काढला, आणि एकेक शब्द जपून ठेवत विचारलं, “तुझ्या मशीनने काय सांगितलं?”

“ते अजून बघितलेलं नाही,” छोटी म्हणाली.

दादा तिच्याकडे बघत राहिला. तिने मान खाली घातली. फरशीवर भाचीचे अनवाणी पाय होते, त्यांच्याकडेच ती बघत उभी राहिली. मग पलंग कुरकुरला. दादा उशांसकट भिंतीकडे सरकला होता आणि तिला बसायला जागा करून, हाताने चादर सारखी करत होता.