पायरीपाशी उगवलेलं तण

नकाशेवालीने शेवटचं वर्तुळ हिरवं केलं, कागद उचलून त्यावर फुंकर मारली आणि तो बाईंसमोर सरकवला.

“मॅडम, फाटकाकडून सुरुवात झालेलीच नाही. सगळ्यात जुनं तण इथे, पायरीपाशी आहे.”

बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. आठ महिन्यांची मोजणी कागदावर होती, एकात एक वर्तुळं. सगळ्यात आतलं, वाटाण्याएवढं वर्तुळ दगडी पायऱ्यांना चिकटून होतं.

“मोजताना चूक झाली असेल.”

“तीनदा मोजलं.”

पायऱ्यांच्या जाळीच्या दाराला कुलूप होतं आणि त्याची एकुलती एक किल्ली बाईंच्या पर्समध्ये असे. तिथून पाण्यात दुसरं कुणी उतरत नसे. नकाशेवाली या कामावर नवीन होती, तिला हे माहीत नव्हतं. ती डबा खायला निघून गेली.

खाणीत साचलेलं ते जुनं तळं. तिथल्या वनस्पतीचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं. रखवालदार काका तिला ‘दोरफूल’ म्हणायचे, कारण तळाशी वाढणाऱ्या पानांतून दोऱ्याएवढा देठ वर येतो आणि पाण्यावर तीन दिवस फूल तरंगतं. पुढे अहवालांतसुद्धा दोरफूलच आलं. या तळ्याखेरीज ते कुठेच सापडत नव्हतं. हे नवं तण पाण्यावर छप्पर धरत होतं आणि खालच्या पानांना ऊन मिळत नव्हतं. नखाएवढा तुकडा कुठे पडला तरी तो मूळ धरतो, म्हणून बाईंनी नियम केला होता: एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना बूट धुवायचे, दोन दिवस कडक उन्हात वाळवायचे. या नियमापायी त्यांनी इतक्या जणांना झापलं होतं की विद्यार्थी त्यांना पाठीमागे ‘बूटमॅडम’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

त्यांनी कपाटातून डायरी काढली. पान सापडायला वेळ लागला नाही. सकाळी मोठं तळं, जे या तणाने गच्च भरलेलं होतं. त्याच दुपारी खाणीचं तळं. पुढे त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात: ‘फुलांचा शेवटचा दिवस. पाहुणे सोबत.’

बाई खुर्चीत बसल्या. खोलीत कुणी नव्हतं, तरी त्यांनी डायरी मिटून वर हात ठेवला.

अहवालात त्यांनी लिहिलं होतं की घरात मासे पाळणाऱ्या हौशी लोकांना रखवालदाराने आत सोडलं आणि त्यांनी काचपेटीतलं पाणी तळ्यात ओतलं, त्यातून तण आलं. कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. फाटकापाशी मासे धरायची एक फाटकी जाळी सापडली होती, तेवढ्यावर सगळं खापर काकांवर फुटलं. चौकशीत काका म्हणाले, “मी कुणाला आत सोडलं नाही,” आणि गप्प बसले. ते गप्प बसणं म्हणजे कबुलीच, असं सगळ्यांनी धरलं. एकोणीस वर्षांची नोकरी पंधरा मिनिटांत गेली.

बाईंनी त्याच दिवशी पत्र लिहिलं. चार वेळा फाडून पाचव्यांदा जमलं. ते ऑफिसात द्यायच्या आधी काकांना दाखवावं, असं त्यांनी ठरवलं. त्यात मोठेपणा किती आणि भीती किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

काका घरासमोर खुर्चीला वेत विणत बसले होते. आता हेच काम करायचे. बाईंना पाहून ते उठले, गुडघ्यावरचे वेताचे तुकडे झटकले.

“या मॅडम. अगं, पाणी आण.”

काकूंनी पाणी आणून ठेवलं. ‘कशा आहात’ म्हणून विचारलं नाही.

बाईंनी वाटेत वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरल्या. “काका, ते तण माझ्यामुळे आलं. माझ्या बुटांतून. मला कालच कळलं.”

काकांनी वेताचं टोक भोकातून ओढून घेतलं. “काल?”

“हो. नकाशा काढला तेव्हा.”

काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. काका खाली बघत म्हणाले, “तुम्हाला आठवत नाही वाटतं. पाहुणे घेऊन आला होतात तुम्ही. मी म्हटलं, मॅडम, बूट ओलेच दिसताहेत.”

बाईंना आठवलं. पाहुणे हसले होते, आणि त्या म्हणाल्या होत्या, “काका, तुम्ही फाटक सांभाळा, तळं मी सांभाळते.” सगळे आणखी हसले होते.

“मग चौकशीत का नाही बोललात?”

“मला वाटलं, तुम्हाला माहीतच आहे. माहीत असून लिहिलंय म्हटल्यावर पुढे काय बोलायचं?”

म्हणजे आठ महिने हा माणूस त्यांना जाणूनबुजून खोटं बोलणारी समजत होता. आणि तरी त्याने पाणी मागवलं होतं. बाईंना वाटलं, यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी घाईने पत्र काढून काकांपुढे धरलं.

“चष्मा नाही,” काका म्हणाले. “वाचा तुम्हीच.”

बाई वाचू लागल्या. “‘... माझ्याकडून अनवधानाने ...’”

“म्हणजे?” काकूंनी विचारलं.

“म्हणजे लक्षात न आल्यामुळे.”

“पण यांनी लक्षात आणून दिलं होतं की.”

“अगं, असू दे,” काका म्हणाले. “त्या आल्या, सांगितलं, पुष्कळ झालं.”

बाईंनी पेन काढलं आणि तो शब्द खोडला. रेघ खालच्या ओळीवरही गेली.

“खाडाखोड केलेला कागद ऑफिसात चालायचा नाही,” काकू म्हणाल्या. त्या आत गेल्या आणि वहीतलं एक कोरं पान नीट फाडून घेऊन आल्या. अर्धी विणलेली खुर्ची बाजूला करून त्यांनी बाईंपुढे स्टूल ओढलं, त्यावर पान ठेवलं.

बाईंनी लिहिलं, ‘बूट ओले आहेत, असे रखवालदारांनी मला त्याच वेळी सांगितले होते.’ पुढे आपण त्यावर काय उत्तर दिलं ते लिहायचं होतं, तिथे पेन अडलं.

काकू शेजारी बसल्या होत्या. पुढचं वाक्य लिहून होईपर्यंत त्या उठल्या नाहीत.